वाट्याबाहेरची चौकट

आमच्या ह्यांना एखादी वस्तू मनापासून आवडली की ते तिच्याकडे बघायचं बंद करतात. लग्नाआधी मला बघायला आले तेव्हाही सगळा वेळ आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले होते. माझ्या आईला वाटलं, मुलाला मुलगी पसंत नाही, आणि तिनं पोह्यांचा दुसऱ्यांदा आग्रहसुद्धा केला नाही. ह्या माणसाचं सगळं उलटं असतं हे मला पुढं कळलं. जी चौकट घ्यायची नसते तिच्यासमोर हे अर्धा तास उभे राहतील, नक्षीचं कौतुक करतील, मोबाइलवर फोटो काढतील. जी घ्यायची असते तिच्याकडे पाठ करून घरमालकाला ऊस कधी तुटणार ते विचारतील.

माझे यजमान म्हणजे भूपाल सर. तासगावच्या एका हायस्कुलात सगळी नोकरी चित्रकलेचे शिक्षक म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर आम्ही सांगलीत राहायला आलो आणि महापुराच्या वर्षी ह्यांना हा नाद लागला. पूर ओसरल्यावर गावभागातली कितीतरी जुनी घरं पाडायला काढली होती. खांब, तुळया, गजाच्या खिडक्या रस्त्यावर चिखलात पडलेल्या असायच्या. हे सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडायचे आणि मागं हातगाडीवाला घेऊन परत यायचे. आता आमच्या परसात पत्र्याचं शेड आहे, त्यात माणसापेक्षा उंच दारं उभी आहेत आणि मला कपडे वाळत घालायला गच्चीवर जावं लागतं. पाचगणीला बंगले बांधणारे लोक गाड्या घेऊन येतात, जुनी दारं नेतात. पण हे बरं ते देतात आणि चांगलं ते ठेवतात. एक दिवस ह्या सगळ्याचं संग्रहालय करायचं, दारावर पाटी लावायची आणि शाळांच्या सहली बोलवायच्या, असं ह्यांच्या मनात आहे.

ह्या नादाचे काही रिवाज आहेत, ते ह्यांनी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडून उचलले. वस्तू आवडली तर तिला नावं ठेवायची. आणि आवडलेली वस्तू त्याच दिवशी मागायची नाही. मागितली की देणारा सावध होतो. पंधरा दिवसांनी सहज आलो म्हणून जायचं आणि दोन किडक्या फळ्यांबरोबर ती अशी मागायची, की देणाऱ्याला वाटावं बरी अडगळ गेली. मी ह्याला लबाडी म्हणते. हे अभ्यास म्हणतात. ह्याच वर्षी आमच्या जैनांच्या दशलक्षण पर्वात उत्तम सत्याच्या, म्हणजे खरं बोलण्याच्या धर्माच्या दिवशी ह्यांनी मंदिरात छान भाषण केलं होतं. मी पुढच्या ओळीत बसून ऐकलं आणि घरी येताना एक शब्द बोलले नाही.

दिवाळी झाल्यावर केरबाचा फोन आला. केरबा ह्यांचा अगदी सुरुवातीचा विद्यार्थी. फौजेत हवालदार होऊन परत आला, आता साठीला टेकलाय, पण अजून फोनवर सर म्हटलं की त्याचा आवाज वर्गात उभा राहिल्यासारखा होतो. त्याचे वडील मागच्या वर्षी गेले. तो आणि त्याचा धाकटा भाऊ अर्जुना यांची जमीन आणि द्राक्षबाग वाटून झाली होती. जुनं घर उतरवून त्या जागेवर दोघांची दोन घरं व्हायची होती. घराचं सगळं लाकूड त्यांनी रानातल्या बेदाण्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं होतं, आणि नेमकं ते वाटताना गाडं अडलं होतं.

ह्या भागात वाटणीची रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करत नाही, कारण मोठा वाटा आपल्याला मिळेल याची त्याला खात्री नसते. जमिनीला ही रीत चालली, बैलांना चालली, विहिरीच्या पाळीलाही चालली. पण घराच्या दर्शनी दाराची एक कोरीव चौकट होती. गावात कुणीतरी पिल्लू सोडलं होतं की अशा चौकटीला शहरात लाखांनी पैसे मोजतात. मग ती ज्या वाट्यात घालावी तो वाटा जड व्हायचा. केरबानं ती एकीकडे घातली की अर्जुनाला वाटायचं, आपण ती उचलू नये म्हणून थोरल्यानं दुसरीकडे जादा तुळया घातल्या. शेवटी दोघांचं बोलणं बंद झालं. जावा वेगवेगळ्या वेळी पाण्याला जायला लागल्या. केरबाचं म्हणणं एवढंच होतं, की सर, तुमी येऊन तिची किंमत सांगा, तुमच्या शब्दाला आमी दोघंबी मान देऊ.

हे लगेच तयार झाले. गाडी मी चालवते, कारण ह्यांचं लक्ष रस्त्यावर कमी आणि कडेच्या घरांवर जास्त असतं. तासगाव ओलांडून आत गेलो तसे द्राक्षांचे मांडव लागले, फवारणीचे ट्रॅक्टर लागले, आणि हे मला सांगत होते की आपल्या विद्यार्थ्यानं आपल्याला पंच म्हणून बोलावणं हा खरा सत्कार. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मी चांगली साडी नेसून गेले होते.

शेड रिकामं होतं, बेदाण्याचा हंगाम अजून लांब. जाळीचे रॅक एका बाजूला सारले होते आणि खाली अंथरलेल्या तळवटावर सगळं घर आडवं पडलं होतं. खांब खांबाशेजारी, तुळया तुळयांशेजारी, मधे चुन्याची एक रेघ. रेघेच्या एका बाजूला केरबा उभा, दुसऱ्या बाजूला अर्जुना, आणि ती चौकट दोन्हींच्या बाहेर, शेडच्या लोखंडी खांबाला टेकवून ठेवलेली. तिच्यावर हिरव्या ऑइल पेंटचे इतके थर होते की नक्षी सगळी सुजल्यासारखी दिसत होती. तरी वरच्या पट्टीवर मधे गणपती आणि दोन्ही टोकांना बैलांच्या जोड्या असाव्यात एवढं मला ओळखू येत होतं. ते बैल मोट ओढत होते. अशी मोट कोरलेली पट्टी मी आमच्या शेडमध्ये कधी पाहिली नव्हती, आणि आमच्या शेडमध्ये काय नाही ते मला पाठ आहे.

ह्यांनी एकदाच तिकडे बघितलं आणि पाठ फिरवली. अर्जुनाला विचारलं, यंदा बागेत डावणीचा रोग किती पडला.

मग सगळं लाकूड बघून झालं. हे प्रत्येक तुळईवर बोटांच्या मागच्या पेरांनी ठोकायचे, कान लावायचे, वास घ्यायचे. दोघं भाऊ रेघेच्या आपापल्या बाजूनं ह्यांच्याबरोबर सरकत होते, एकमेकांकडे न बघता. केरबाची बायको बनुबाई चहा घेऊन आली, तिनं कपांचं ताट केरबाकडं ठेवलं आणि अर्जुनाचा कप त्याच्या हातात न देता खाली फळीवर ठेवला. एवढ्या समजूतदार बाईचं हे वागणं बघून मला वाईट वाटलं. चौकट ह्यांनी सगळ्यात शेवटी ठेवली.

ह्यांच्या पिशवीत एक दाभण असतं, पोती शिवायचं. लाकूड आतून पोकळ आहे का ते बघायला हे दाभण टोचतात. चांगल्या सागवानात ते नखभरही जात नाही. ह्यांनी चौकटीचा उजवा खांब ठोकला. आवाज मला ऐकू आला, बंद, भरीव. ह्यांनी नखानं रंगाचा एक पोपडा काढला, आणि त्यांचं बोट तिथं थांबलं. मग त्यांनी दाभण काढून नेमकं कडीच्या जुन्या भोकावर टेकवलं. कधीकाळी तिथं कडी होती, ती काढून भोक मेणानं बुजवलेलं असणार, वरून रंग. ते भोक मला दिसलं कारण मी इतकी वर्षं अशी भोकं बघत आलेय. त्या दोघांना दिसलं नाही. दाभण मुठीपर्यंत आत गेलं.

"साग नाही हा," हे म्हणाले. "शिवणीच्या हलक्या लाकडाची आहे, आणि वाळवीनं आतून खाल्लीय. रंगानं धरून ठेवलीय एवढंच. हिला किंमत नाही."

मी बोलायला हवं होतं. माझ्या जिभेवर आलंही होतं की अहो, दुसरीकडे टोचून बघा. पण नवऱ्याला त्याच्या विद्यार्थ्यांसमोर खोटं पाडायचं, हे मला जमेना, आणि मी चहाचा कप उचलला.

अर्जुना मटकन क्रेटवर बसला. आधी तो हसला, मग त्यानं डोळ्याला गमछा लावला. एका किडक्या लाकडापायी आपण दादाशी बोलत नव्हतो, असं तो परत परत म्हणत होता. केरबा बराच वेळ चौकटीकडे बघत राहिला. मग चुन्याची रेघ ओलांडून पलीकडे गेला आणि धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. पुढचं काम चहा गार व्हायच्या आत झालं. केरबानं वाटे पाडले, अर्जुनानं बघितल्यासारखं करून एक उचलला, आणि थोरल्याच्या पायाला हात लावला. बनुबाई पदरानं नाक पुसत जावेला हाका मारत घराकडं पळाली.

ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते खरं पाणी होतं, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटली. माणूस निव्वळ लबाड असता तर माझं मला सोपं गेलं असतं.

निघताना बनुबाईनं बेदाण्याची पिशवी माझ्या हातात कोंबली. मी नको नको म्हणत घेतली. चौकटीचं काय करायचं, असं केरबानं विचारलं तेव्हा हे सहज म्हणाले, राहू दे पडलेली, नव्या घराजवळ मात्र ठेवू नका, वाळवी पसरते. रिवाज कसा अगदी अंगात मुरलाय बघा.

गाडीत तासगाव आल्यावर मी विचारलं, कडीच्या भोकात दाभण घातलंत ना. हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, तुला त्यातलं कळत नाही. मी म्हटलं, मला सगळं कळतं, तुमचं बोट थांबलं तेही कळलं. तेव्हा हे चिडले. ती चौकट त्या भावांकडे राहिली असती तर काय झालं असतं, असं मलाच विचारायला लागले. एकानं नेली असती, दुसऱ्याशी जन्माचं वैर धरलं असतं, आणि शेवटी स्लॅबच्या घराला ती बसत नाही म्हणून गोठ्याला लावली असती. माझ्याकडे ती दोनशे वर्षं टिकेल. मी काय ती विकायला आणतोय का. आणि भाऊ एक झाले की नाही, ते सांग.

एवढं सगळं ते पटापट बोलले, यावरून माझी खात्री पटली की त्यांचं त्यांनाच ते पटलेलं नाही. मी म्हटलं, मग केरबाला फोन करा आणि खरं सांगून मागा. हे पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. त्याच दिवशी मागायचं नसतं.

पुढचे दिवस आमच्या घरात फार चमत्कारिक गेले. ह्यांनी शेडमधली पुढची जागा रिकामी केली. तिथली एक चांगली खिडकी, जी पाचगणीच्या माणसाला तीनदा नाही म्हणून सांगितली होती, ती देऊन टाकली. रंग उतरवायचं औषध आणून ठेवलं. रात्री जेवताना मधेच म्हणायचे, मोटेचं कोरीव काम ह्या मुलखात दुसरीकडे नसेल. मी मुद्दाम आमटीत मीठ आहे का विचारायचे. मला सकाळी मंदिरात गेल्यावर देवासमोर डोळे मिटून उभं राहणं जड व्हायला लागलं. दोनदा मी केरबाचा नंबर काढला. फोन उचलल्यावर काय बोलायचं होतं? तुमच्या सरांनी तुम्हाला फसवलं? मोबाइल परत ठेवून दिला. मी त्यांची बायको आहे हे कारण मी स्वतःला दिलं, आणि ते काही फार मोठं कारण नव्हतं.

हे सहज म्हणून जायचा दिवस ठरवतच होते, तेवढ्यात केरबाचाच फोन आला. वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. दोन्ही घरांचा स्वयंपाक एका चुलीवर करणार होते आणि सर-बाई आल्याशिवाय पंगत बसणार नव्हती. बनुबाईनं फोन घेऊन मला सांगितलं, बाई, तुमचं कांदा-लसणाबिगर येगळं शिजवणार हाय, बटाटा कशातबी न्हाई, आन दिवस मावळायच्या आत जेवण व्हणार, काळजी करू नका. मी हो म्हटलं आणि फोन ठेवून आत जाऊन बसले. हे मात्र खूश होते. आपण होऊन जायला नको, बोलावणंच आलं. जेवणं झाली की केरबाला म्हणेन, त्या दोन मोडक्या फळ्या आणि ती चौकट पडून असेल तर टेम्पो पाठवतो. त्यांनी गाडीत जुन्या गोधड्यासुद्धा टाकल्या, चौकट बांधताना रंग खरवडू नये म्हणून. ज्या रंगाला ते पुढं औषध लावून उतरवणार होते, त्या रंगाला.

आम्ही पोचलो तेव्हा बेदाण्याच्या शेडच्या मागे मोठी चूल पेटली होती. दगडांवर हंडा, त्यात गव्हाची खीर रटरटत होती, आणि दोन्ही जावा आळीपाळीनं उलथणं फिरवत होत्या. मुलं पळत होती. अर्जुना पंगतीच्या पत्रावळी मांडत होता. त्यानं लांबूनच हात जोडले. मी बायकांकडं जायला निघाले आणि चुलीत माझी नजर गेली. एक जाड तुकडा अर्धा आत, अर्धा बाहेर होता. बाहेरच्या टोकावर हिरवा रंग फुगून फुटत होता आणि त्याखालून पिवळट-लाल लाकूड दिसत होतं.

ह्यांनाही दिसलं. हे फक्त उभे राहिले, आणि ह्या वेळी ते त्या वस्तूकडे बघत होते, डोळे न हलवता.

केरबा आमच्याकडे आला आणि दोघांनाही शेडच्या पलीकडच्या कडेला घेऊन गेला, जिथं माणसं नव्हती. मला वाटलं, आता हा विचारणार.

"सर," तो म्हणाला, "मी एकट्यानंच फोडली. अर्जुना फवारणीला गेलता, तवा आजच्या जळणासाठनं हात घातला. करवत चालंना. आतबाहेर सोन्यावाणी साग, एक किडा न्हाई. तवा मला कळलं, सर काय करून गेलं."

हे काहीतरी बोलायला गेले. केरबानं त्यांना बोलू दिलं नाही. त्यानं सांगितलं की गणपती त्यानं कापून वेगळा काढला, वरच्या पट्टीचा सगळा रंग खरवडला, आणि तेवढं सुरेख काम त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. बैलांच्या खुरांची फट, मोटेच्या नाड्याचा पीळ, सगळं. गणपतीचा तुकडा मांडीवर घेऊन तो बराच वेळ बसला होता, आणि त्याला आपल्या वडिलांची आठवण येऊन रडू आलं होतं. मग त्यानं गणपती नदीला नेऊन सोडला आणि बाकीची चौकट फोडली. कारण चौकट चांगली निघाली हे अर्जुनाला कळलं असतं, तर त्याच्या मनात पहिलं हेच आलं असतं की थोरल्यानं सरांना आधीच गाठलं होतं. मग सगळं पहिल्यापरीस वाईट झालं असतं.

"तुमी आयुष्यात कवा खोटं बोलला न्हाईसा, सर," केरबा म्हणाला. "आमच्या घरासाठनं बोलला. ते पाप वाया जाऊ द्यायचं न्हवतं मला."

आणि तो वाकला. साठीचा माणूस, फौजेत ताठ राहिलेला, ह्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला. हे दोन पावलं मागं सरकले आणि शेडच्या जाळीला पाठ लागून अडकले. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. ह्यांच्याकडं बघायची माझी हिंमत नव्हती, आणि केरबाकडं बघायची त्याहून नव्हती.

पंगत बसायच्या आधी दोघा भावांनी ह्यांना पाटावर उभं केलं. अर्जुनानं टोपी घातली, केरबानं उपरणं खांद्यावर टाकलं, हातात नारळ दिला. भावकीतली माणसं बघत होती. एक म्हातारा पुढं येऊन म्हणाला की आमच्या पलीकडच्या वस्तीवर दोघं चुलतभाऊ बांधावरनं कोर्टात गेल्यात, सरांनी एकदा तिकडंबी पायधूळ झाडावी. लोकांनी माना डोलावल्या. ह्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि मला, इतक्या दिवसांच्या रागानंतर, त्यांची दया आली. दया आली म्हणून माझी लाज काही कमी झाली नाही.

आमची पानं पहिल्या ओळीत होती. बनुबाईनं सांगितल्याप्रमाणं आमच्यासाठी वेगळ्या नव्या पातेल्यातलं वाढलं. कुठल्या लाकडावर शिजलं होतं ते मला माहीत होतं. हे घास उचलत नव्हते. मी कोपरानं हळूच ढोसलं, कारण पहिल्या पानानं सुरुवात केल्याशिवाय बाकीची पंगत जेवत नव्हती. ह्यांनी एक घास खाल्ला आणि सगळे जेवायला लागले.

केरबा खिरीची बादली घेऊन आमच्यापर्यंत आला तेव्हा ह्यांनी त्याचा हात धरला. टोपी अजून डोक्यावर होती. आवाज इतका खाली होता की मला, शेजारी बसून, कान द्यावा लागला.

"केरबा, मी तुमच्यासाठी खोटं बोललो नाही. मला ती हवी होती. मी ती माझ्यासाठी न्यायला आलो होतो, आजसुद्धा. गाडीत गोधड्या आहेत."

केरबानं बादली खाली ठेवली आणि ह्यांच्या पानासमोर उकिडवा बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लहान मुलाची समजूत घालताना असतो तसा चेहरा होता.

"सर, मोठेपणा नको वाटतोय म्हणून आता हेबी अंगावर घेताय व्हय," तो म्हणाला. "तुमाला पायजे असती तर तवाच म्हणला असता की, केरबा, मला दे. आमी दोघांनी उचलून तुमच्या गाडीवर बांधून दिली असती. भांडणाची वस्तू सरांच्या घरी गेली म्हणून दोघंबी सुटलो असतो. एवढं तुमाला ठाऊक न्हवतं व्हय?"

ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, की मी तरी सांगावं. मी तोंड उघडलं, आणि पलीकडं अर्जुना केरबाच्या नातवाला मांडीवर घेऊन भरवताना दिसला. मी पान पुढं ओढलं आणि केरबाला म्हटलं, वाढा.

केरबानं आधी मला वाढलं. मग ह्यांच्या पानात भरून दोन पळ्या खीर घातली आणि वरून तुपाची धार धरली. ह्यांनी नको म्हटलं नाही.